आकडे आम्हालाही वाचता येतात! (संदर्भ: कालची 'शूमाकरची कॅसेट बंद करा' पोस्ट)

जुना घोडबंदर

ज्यांनी काल पोडियमवाला यांची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हणणं असं की एफ-वन (फॉर्म्युला वन) कार शर्यतींतला सात वेळचा चॅम्पियन शूमाकर, त्याच्या नावावर आता एकही मोठा विक्रम उरलेला नाही. ९१ विजय हॅमिल्टनने २०२० मध्येच मागे टाकले, ६८ पोल (पहिल्या जागेवरून सुरुवात) त्याच्याही आधी, पोडियम (पहिल्या तिनात येणं) गेले, एका सीझनचे १३ विजय वर्स्टापेनने मोडले, तेव्हा "काकांनी आता जुनी कॅसेट बंद करावी, आकडे खोटं बोलत नाहीत". आणि त्याखाली लाइकचा पाऊस.

काका म्हणालात ना, मग आता काकांचं ऐकून घ्या. लांबलचक आहे, ऑफ सीझन आहे, तुम्हालाही दुसरं काम नाही.

एक तर "एकही उरला नाही" ही शुद्ध थाप आहे. २००० ते २००४ सलग पाच जेतेपदं, ती कोणी मोडली? वर्स्टापेन चारपर्यंत आला आणि २०२५ ला नॉरिसने दोन गुणांनी अडवला, ४२३ आणि ४२१. म्हणजे झालं, परत एकपासून मोजा. ७७ फास्टेस्ट लॅप (शर्यतीतली सर्वात वेगवान फेरी) अजून शूमाकरचेच. आणि २००२ चा सीझन घ्या, १७ शर्यती, १७ पोडियम. एकदाही गाडी बंद पडली नाही, एकदाही चौथा आला नाही. जुलैमध्ये फ्रान्सच्या मॅनी-कूरला जेतेपद खिशात घातलं तेव्हा सहा शर्यती बाकी होत्या. बाकीचे पुढचे तीन महिने नुसते दुसऱ्या नंबरासाठी भांडत होते.

दुसरं, तेव्हा सीझनला १६-१७-१८ शर्यती असायच्या, आता २४ आहेत. मग एकूण विजय मोजून काय सिद्ध होतं? पन्नासच्या दशकातल्या फँजिओने ५१ शर्यतींत २४ जिंकल्या, म्हणजे ४७ टक्के. जवळपास एक सोडून एक. ते पण बहुतेक चाळिशी उलटल्यावर, सेहेचाळीसाव्या वर्षी चॅम्पियन. तुमच्या आकड्यांच्या धर्मात त्याला कुठे बसवणार, की तो आजोबा म्हणून बाद?

आणि तिसरं, जे कुठल्याच तक्त्यात येत नाही. १९९४ स्पेन, गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकली, अर्ध्याहून जास्त शर्यत त्याच गिअरमध्ये, पिट स्टॉपसुद्धा (टायर बदलायला थांबणं) त्याच गिअरमध्ये, आणि साहेब दुसरे आले. तक्त्यात काय दिसतं? "२". १९९८ हंगेरी, फेरारीचे डावपेच आखणाऱ्या रॉस ब्रॉनने तीन स्टॉपची चाल खेळली आणि सांगितलं की १९ लॅपमध्ये २५ सेकंद काढ. काढले! मॅकलारेन टीमच्या दोघांची तोंडं बघायची होती. मी ती शर्यत कळव्याला मित्राकडे बघत होतो आणि तिसऱ्या स्टॉपच्या आधी आमच्या केबलवाल्याने चॅनल बदलून हिंदी सिनेमा लावला, कारण गल्लीतल्या कोणातरी बाईंची फर्माईश होती. आम्ही चौघं जिन्याने धावत त्याच्या टपरीवर गेलो, तो म्हणाला गाड्या नुसत्या गोल गोल फिरतायत, त्यात बघायचं काय. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. तेव्हा यूट्यूब नव्हतं हो, निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शेवटच्या पानावर तीन ओळीत.

तर पोडियमवाले, कॅसेट चालू राहील.

पोडियमवाला

काका आदरपूर्वक (खरंच), केबलवाल्याबद्दल वाईट वाटलं, पण गणितात गडबड आहे. तुम्हीच म्हणालात ना की एकूण विजय नको, टक्केवारी बघा? बघूया की.

शूमाकर ३०६ शर्यती ९१ विजय = २९.७ टक्के. हॅमिल्टन मर्सिडीज सोडेपर्यंत, २०२४ अखेर, ३५६ शर्यती १०५ विजय = २९.५ टक्के. फरक किती? पॉइंट दोन. म्हणजे "जास्त शर्यती मिळाल्या म्हणून" हा जो सगळ्या काकांचा आवडता डायलॉग आहे तो इथेच संपला. वर हॅमिल्टनचे १०४ पोल आहेत, २००७ ते २०२१ सलग पंधरा सीझन दरवर्षी किमान एक विजय आहे, सिल्वरस्टोनला एकाच ट्रॅकवर ९ विजय आहेत.

आणि ९१ मधला एक कुठला ते पण सांगा ना. इंडियानापोलिस २००५. मिशेलिनचे टायर बँकिंगवर (तिरक्या वळणावर) टिकेनात म्हणून फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यतीआधीची फेरी) १४ गाड्या पिटमध्ये गेल्या आणि सहा गाड्यांची शर्यत झाली. त्या वर्षी शूमाकरचा तो एकमेव विजय. ऑस्ट्रिया २००२ पण त्यातच आहे, त्याच्याच टीमच्या बारिकेलोने शेवटच्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारून दिलेला. लोकांनी पोडियमवर शिट्ट्या मारल्या तेव्हा साहेबांनी त्याला वरच्या पायरीवर उभं केलं, त्याचा पण दंड बसला. आणि १९९७ ला हेरेझमध्ये जेतेपदाचा प्रतिस्पर्धी व्हिलेनव्हच्या अंगावर गाडी घातली म्हणून अख्ख्या सीझनच्या क्रमवारीतून नाव काढलं, पण त्यातले पाच विजय ९१ मध्ये धरलेत बरं का. तक्त्यात येत नाही म्हणता ना, हे पण येत नाही.

जुना घोडबंदर

सोची २०१८ विसरलास का रे? हॅमिल्टनच्याच टीममधल्या बोटासला बाजूला व्हायला सांगितलं आणि तुझा माणूस जिंकला. ते पण १०५ मध्येच आहे. शिट्ट्या मारायला तिथे कोणी नव्हतं एवढंच.

आणि ३०६ कुठून आणलास? २०१० ते २०१२ काढ. एक्केचाळिसाव्या वर्षी परत आलेला माणूस, तीन वर्षं सोडून, अजून जुळून न आलेल्या टीममध्ये. २००६ पर्यंतचे धर, साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास येतात. मग बोल.

पोडियमवाला

काढतो की. मग मी पण २०२२, २३, २४ काढतो, ती उड्या मारणारी मर्सिडीज होती, त्या गाडीने त्याची पाठ मोडली होती. राहिल्या २८८ शर्यती, १०३ विजय. पावणेछत्तीस टक्के. आता? अजून काय काढायचं सांगा, मी कॅल्क्युलेटर घेऊनच बसलोय.

आणि त्या तीन वर्षांत शूमाकरच्या शेजारच्या गाडीत निको रॉसबर्ग होता. गुण बघा, २०१० ला रॉसबर्ग १४२ विरुद्ध ७२, २०११ ला ८९-७६, २०१२ ला ९३-४९. तिन्ही वर्षं मागे. त्याच रॉसबर्गला हॅमिल्टनने २०१४ आणि २०१५ ला हरवलं. हो २०१६ ला पाच गुणांनी हरला, माहीत आहे, आणि रॉसबर्ग पाचच दिवसांत रिटायर झाला, परत तो उपद्व्याप नको म्हणून.

नेरुळची मावशी

तुम्हा दोघांचं टक्के-टक्के वाचून मला आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची मीटिंग आठवली. दोघेही आपल्याला सोयीची वर्षं कापताय.

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे! अरे आकडे नियम लावणारा सांगेल तसे बोलतात. १९८८ बघा. प्रॉस्टचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४. चॅम्पियन कोण? सेन्ना. कारण १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे असा नियम, आणि प्रॉस्ट एवढा सातत्याने पहिला-दुसरा येत होता की त्याचे १८ गुण कचऱ्यात गेले. ९० विरुद्ध ८७. आणि १९८४? लाउडाकडून अर्ध्या गुणाने हरला. अर्ध्या! का, तर मोनॅकोला पावसात शर्यत मध्येच थांबवली म्हणून निम्मे गुण दिले. तो पहिला होता, साडेचार मिळाले. शर्यत पूर्ण झाली असती आणि सेन्नाने त्याला मागे टाकून तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते आणि जेतेपद त्याचं असतं. जिंकला म्हणून हरला, असं माझ्या माहितीत दुसऱ्या कोणाचं झालेलं नाही.

पण प्रॉस्टसाठी कोणी रडत नाही. सगळ्यांना सेन्ना पाहिजे. मला पण सेन्ना आवडायचा, माझा भाऊ दुबईहून व्हिडिओ कॅसेट आणायचा त्या बघून बघून टेप घासली होती, १९९४ ला इमोलाला तो गेला त्यानंतर दोन दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते. तरी सांगते, चार जेतेपदं आणि ५१ विजय असलेल्या माणसाला "प्रोफेसर" म्हणून बाजूला बसवणं ही अन्यायाची परमावधी आहे. सुंदर दिसणाऱ्यालाच सगळे चाहते मिळतात, खेळात काय आणि ऑफिसात काय. आमच्या ऑफिसात पण... जाऊ दे.

क्रिकेटवेडा

हे तर सेम सचिन-कोहली आहे. कोहलीने वानखेडेवर पन्नासावं मारलं तेव्हा पण...

नेरुळची मावशी

नाही. प्रत्येक धाग्यात सचिन नको. बस खाली.

उलवेकर

मी एफ-वन थोडंफार बघतो, मुलगा लावतो म्हणून. पण तुमचं हे वाचून हसायला आलं. तुम्ही तासभर ड्रायव्हर ड्रायव्हर करताय, गाडीचं कोणी बोलायलाच तयार नाय.

आमच्याकडे बैलगाडीच्या शर्यती, बिनजोड. लहानपणापासून बघतोय. माईकवर नाव कोणाचं पुकारतात? बैलाचं. आणि मालकाचं. बॅनरवर फोटो कोणाचा? बैलाचा, गळ्यात हार, कपाळाला गुलाल, खाली मालक, त्याचे भाऊ, भाच्याचा पण फोटो टाकतील. गाडी हाकणारा जो आहे, जो जीव मुठीत धरून उभा असतो, तो बॅनरच्या कोपऱ्यात पण नसतो. जिंकणारा बैल लाखाला विकला जातो, हाकणाऱ्याला दोन-चार हजार आणि एक फेटा. आणि लोकांना त्यात काय चुकीचं वाटत नाय, कारण सगळ्यांना ठाऊक असतं पळलं कोण ते.

तुमच्याकडे उलटं. २०१४ पासून मर्सिडीजची गाडी एवढी पुढं होती की बाकीचे धुळीत, आणि फोटो कोणाचा, हॅमिल्टनचा. त्याआधी फेरारी, फोटो शूमाकरचा. मला सांगा, ९१ आणि १०५ हे बैलाचे आकडे की हाकणाऱ्याचे?

पोडियमवाला

हे आवडलं राव 😂 पण मग शेजारच्या गाडीत बसलेल्या बोटासला का नाही जमलं? बैल तोच होता.

उलवेकर

एका दावणीचे दोन बैल पण सारखे पळत नाय भाऊ. तुमच्या टीमवाल्यांनी पहिल्या गाडीला चांगला खुराक आणि दुसरीला उरलंसुरलं दिलं नसेल कशावरून? तुम्हीच वर लिहिलंय बारिकेलोचं.

स्टँड तिकीट

बैलावरून आठवलं. व्हेटेल.

मी २०१३ ला ग्रेटर नोएडाला होतो, बुद्ध सर्किटला. राजधानीचं वेटिंग तिकीट, मावसभावाच्या नात्यातल्या कोणाच्यातरी घरी गाझियाबादला सतरंजीवर मुक्काम, सकाळी शेअर रिक्षा, मग धुळीतून तंगडतोड. व्हेटेल जिंकला, चौथं जेतेपद तिथेच झालं. त्याने गाडी पिटमध्ये नेलीच नाही, मुख्य सरळ रस्त्यावर आमच्यासमोर गरागरा फिरवली, टायरच्या धुराचा लोट स्टँडपर्यंत आला, डोळे चुरचुरत होते, मग उतरला आणि गाडीसमोर गुडघ्यावर बसून हात जोडल्यासारखा वाकला. आमच्या शेजारी दिल्लीचे एक सरदारजी होते ते म्हणाले, हा तर आपला निघाला. नंतर कळलं की पिटमध्ये गाडी न आणल्याबद्दल टीमला २५,००० युरो दंड झाला.

आता त्या ट्रॅकचा विक्रम बघा. तिथे आत्तापर्यंत तीनच ग्रां प्री झाल्या, २०११, १२, १३. तिन्ही व्हेटेल. टक्केवारी शंभर. फँजिओ गेला उडत. पण त्या काळात त्याच व्हेटेलला लोक पोडियमवर हुर्यो करत होते, का तर गाडी डिझायनर न्यूईने बनवलीये, याने काय केलं. आणि तो माणूस स्वतः जाऊन गाडीला नमस्कार करतो. उलवेकर म्हणतायत ते त्याला तरी पटलेलं दिसतंय.

दुसरा आकडा सांगतो. भारतीय ड्रायव्हरांचे एफ-वनमधले आत्तापर्यंतचे एकूण गुण पाच. सगळे नारायण कार्तिकेयनचे, सगळे एकाच शर्यतीतले. कुठली? वर पोडियमवाल्याने ज्या सहा गाड्यांच्या शर्यतीची टिंगल केली तीच, इंडियानापोलिस २००५. तो चौथा आला. ती शर्यत बाद धरायची तर आपली पाटी कोरी. तेव्हा जरा जपून.

पोडियमवाला

अरे नारायणची टिंगल कुठे केली मी. सहामध्ये चौथा आला म्हणजे मिनार्डी टीमच्या दोन गाड्यांना तर हरवलं ना.

स्टँड तिकीट

हीच टिंगल.

शाकाहारी सिंह

माफ करा, पण इथे बैलगाडा शर्यतीचं एवढं कौतुक चाललंय ते बघून राहवलं नाही. गाडी लोखंडाची आहे, तिला वेदना होत नाहीत. बैलाला होतात. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं, हे सगळं व्हिडिओत बघितलंय. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंदी घातली होती ती उगाच नाही. आणि तुम्ही त्याची तुलना सात वेळच्या विश्वविजेत्याशी करता? ठाण्यासारख्या शहरात राहून आपण कुठे चाललोय.

उलवेकर

आलेच का. मला वाटलंच होतं कोणीतरी पाचव्या मजल्यावरून बोलणार.

२०१४ ची बंदी सांगितलीत, पुढचं कोण सांगणार? राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ ला कोर्टाने अटी घालून परवानगी दिली, आणि मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. अर्धाच निकाल वाचायचा आणि आम्हाला शहाणपण शिकवायचं. काठी नाय, चाबूक नाय, टोचणी नाय, जनावरांचा डॉक्टर हजर पाहिजे, सगळं अटीत लिहिलंय. कोणी मोडत असेल तर धरा त्याला, मी पण येतो साक्षीला. शेपटी चावणारे नालायक असतात, त्यांना आमचे लोकच मैदानातून हाकलतात.

तुम्हाला माहितीये का बैल सांभाळणं म्हणजे काय? माझ्या काकाकडे होता एक. शर्यतीच्या आदल्या दिवशी काका गोठ्यात झोपायचा. घरात काकीला ताप आला तर क्रोसिन, बैल जरा कमी खाल्ला तर पनवेलहून डॉक्टर. बंदी आली तेव्हा त्याला कोण पोसणार सांगा? शेती राहिली नाय, नांगराला ट्रॅक्टर, शर्यत बंद, मग तो बैल जातो कुठं? ते तुमच्या व्हिडिओत दाखवलं नाय ना? काकाने विकला तो शेवटी, आणि ज्याला विकला त्याने पुढं काय केलं ते कधी विचारलं नाय, विचारायची हिंमत झाली नाय. आणि आम्ही जिथं शर्यती बघायचो ते शेत आता रस्त्याखाली आहे. तेव्हा कौतुक वगैरे आम्हाला सांगू नका.

शाकाहारी सिंह

मी कुठल्याच मजल्यावरून बोलत नाहीये, पाचपाखाडीत चाळीत वाढलोय. वाईट वागवणाऱ्यांना विरोध आहे, तुमच्या काकांना नाही. डॉक्टरांचं बोललात ते ठीक. तरी माझं मत बदललेलं नाही.

उलवेकर

नका बदलू. आमचं पण नाय बदललं.

स्टँड तिकीट

एक शंका, भांडण लावायला नाही. जुन्नर-खेडकडे जे घाटात गाडे पळवतात तिथे तर हाकणारा नसतोच ना? माझे सासरे तिकडचे. बैल एकटेच घाट चढतात, पुढे घोडी, आणि बारी (गाड्याची धाव) सेकंदात मोजतात. मग ते आकडे शंभर टक्के बैलाचे झाले. एफ-वनमध्ये असं करता आलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

उलवेकर

बरोबर, तिकडं घड्याळ बघतात. आमच्याकडं समोरच्याला हरवायचं, वेळ कोण विचारतो. तो घाट वेगळा, हे मैदान वेगळं. दोघांचे आकडे एका वहीत लिहिले तर मारामारी होईल. हे तुमच्या फँजिओ-हॅमिल्टनवाल्यांना सांगा.

पामबीच त्रस्त

तुम्ही सगळे शर्यतींचं एवढं प्रेमाने बोलताय म्हणून मुद्दाम लिहितोय. पाम बीच रोडला राहायला या एक शनिवार रात्र. साडेबारानंतर सायलेन्सर काढलेल्या बाइक आणि खाली बसवलेल्या गाड्या, वाशीपासून बेलापूरपर्यंत, यू-टर्न मारून परत. फटाके फुटल्यासारखा आवाज. माझ्या वडिलांना पेसमेकर आहे, ते दचकून उठून बसतात आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. तक्रार केली तर विचारतात नंबर घेतला का. सातव्या मजल्यावरून दीडशेच्या स्पीडने जाणाऱ्या गाडीचा नंबर घेऊ? त्या पोरांच्या काचांवर ३३ आणि ४४ चे (वर्स्टापेन-हॅमिल्टनचे नंबर) स्टिकर असतात. म्हणून मला हे १०५ आणि ९१ वाचून काही कौतुक वाटत नाही. ही सगळी हिरोगिरी तिथूनच येते.

पोडियमवाला

काका ४४ माझ्या पण स्कूटरवर आहे, पन्नासच्या वर जात नाही बिचारी. ती पोरं रेस बघत असती तर त्यांना माहीत असतं की पिट लेनमध्ये ८० च्या वर गेलं की दंड होतो, आणि तो एक किलोमीटर जास्त असला तरी होतो. स्टिकर लावला म्हणजे फॅन होत नाही.

जुना घोडबंदर

पामबीचवाल्यांशी मी सहमत आहे. आमच्याकडे उलटं दुखणं, गायमुख घाटात स्पीड सोडा, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. शूमाकर स्पेनला पाचव्यात अडकला होता, आम्ही रोज दुसऱ्यात अडकतो आणि पोडियम कोणी देत नाही. पावसाळ्यात खड्डा चुकवायचा की कंटेनर चुकवायचा हा निर्णय मी रोज सकाळी घेतो. दोन्ही चुकले नाहीत असाही दिवस आलाय, अलॉय व्हीलची भरपाई कोणी दिली नाही.

नेरुळची मावशी

धागा कशाचा होता? बैल झाले, सायलेन्सर झाले, खड्डे झाले. आता पाणीकपातीवर पण बोलून घ्या म्हणजे मोकळे.

घोडबंदरवाले, तुम्ही पावणेछत्तीसला अजून उत्तर दिलेलं नाही. मी वाट बघतेय.

जुना घोडबंदर

देतो मावशी, पळून नाही गेलो.

पावणेछत्तीस आणि साडेछत्तीस. ठीक आहे. मानलं. म्हणजे ज्याला एवढा पुढे-पुढे गेला म्हणून नाचवत होते तो माझ्या माणसाच्या बरोबरीने धावतोय, हे पोडियमवाल्याने स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन सिद्ध केलं. आभार.

आता गाडी आणि ड्रायव्हर. उलवेकरांचं मला अर्धं पटलं. पण शूमाकर १९९६ ला फेरारीत गेला तेव्हा तो बैल कसा होता? शेक्टरनंतर, म्हणजे १९७९ नंतर, फेरारीकडे ड्रायव्हरचं जेतेपद नव्हतं. आधीची दोन वर्षं बेनेटनमध्ये चॅम्पियन होता, तिथेच बसून राहिला असता तर कोणी काही बोललं नसतं. पहिल्या वर्षी गाडी एवढी भिकार की फ्रान्सला फॉर्मेशन लॅपलाच इंजिन फुटलं, पोलवर असताना. तरी त्या वर्षी बार्सिलोनाला पावसात जिंकला. ती शर्यत बघा आणि मग सांगा बैल पळाला की माणूस. मग ब्रॉन आला, डिझायनर रोरी बर्न आला, टीमप्रमुख टोड होताच. १९९९ ला सिल्वरस्टोनला पाय मोडला, सहा शर्यती गेल्या, परत आला तो मलेशियात जवळपास एका सेकंदाने पोल घेऊन. आणि २००० ला सुझुकाला एकवीस वर्षांनी ते जेतेपद आलं. बैल विकत घेतला नाही, वाढवला. उलवेकरांच्या काकांना हा फरक कळेल.

हॅमिल्टन २०१३ ला मर्सिडीजमध्ये गेला तेव्हा सगळे त्याला वेडा म्हणत होते हे खरं आहे, आणि त्याने बरोबर ओळखलं हेही खरं आहे. पण गोठा बांधून तयार होता. तो बांधला कोणी? ब्रॉनने. आणि २०१० ते १२ तिथे गाडी कोण चालवत होतं?

पोडियमवाला

म्हणजे हॅमिल्टनची जेतेपदं पण शूमाकरचीच 😂😂 मग एकूण तेरा झाली ना त्याची? २००८ चं तेवढं आम्हाला ठेवा, मॅकलारेनमधलं आहे, ग्लॉकला शेवटच्या कोपऱ्यात गाठून एका गुणाने. तिथे तुमचा कोणी नव्हता.

बरं सलग पाच जेतेपदं आणि २००२ चे १७ पैकी १७, ते मी पोस्टमध्ये टाकायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांसाठी: तो विक्रम अजून उभा आहे. लिहिलं. पण २०२० तुर्की बघा एकदा काका, सहाव्या नंबरवरून सुरुवात, ओला ट्रॅक, इंटरमीडिएट (ओल्या ट्रॅकचे टायर) घासून स्लिक (गुळगुळीत) झाले तरी बदलले नाहीत, अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला आणि सातवं तिथेच झालं. त्याच ट्रॅकवर बोटासच्या गाडीने किती गिरक्या घेतल्या ते पण बघा. बैल तोच.

जुना घोडबंदर

बघितलीये. चांगली चालवली.

नेरुळची मावशी

हे "चांगली चालवली" कोणीतरी फ्रेम करून ठेवा रे.

उलवेकर

माझ्या मुलाने हे सगळं वाचलं आणि विचारतोय की काका फेरारीचे फॅन आहेत ना, मग हॅमिल्टन आता फेरारीतच आहे, तर मार्चमध्ये सीझन सुरू झाला की काका काय करणार?

पोडियमवाला

😂😂😂 पोराला माझ्याकडून वडापाव. बोला काका. २०२५ ला चीनची स्प्रिंट (छोटी शर्यत) सोडली तर काही नाही, अख्ख्या सीझनला एक पोडियम नाही, त्यामुळे तुमच्या आशीर्वादाची गरज आहे त्याला. आठवं जेतेपद लाल गाडीत झालं तर शूमाकरचा सातचा विक्रम मोडायला फेरारीच कारणीभूत होणार. कोणाला चिअर करणार?

जुना घोडबंदर

फेरारीच्याच लेक्लेरला.